तीन मिनिटं बारा सेकंदांवरची चूक

डिसेंबर सरत आला की बोईसरच्या बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा येतात, कोनफळं येतात, आणि एखाद्या दुपारी वारा फिरतो. एरवी आमच्या बिल्डिंगीला कारखान्यांच्या वासाची सवय. पण वारा फिरला की नवापूरच्या किनाऱ्यावर काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. शेजारच्या भाभी खिडक्या लावून घेतात. "दीदी, फिर आ गई बदबू," म्हणतात. मी माझी खिडकी उघडी ठेवते. आई खुर्चीत बसल्या बसल्या तोंड त्या बाजूला वळवते.

हा हंगाम मला सोसत नाही आणि सोडवतही नाही. सव्वीस वर्षं झाली. याच दिवसांत माझी धाकटी बहीण निमू गेली. निर्मला तिचं नाव, वय एकोणीस.

मी कोळगावला जिल्हा कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेल्या पत्राची तारीख, गेलेल्या पत्राचा क्रमांक, कुठं सहीखाली शिक्का राहिला, हे बघण्यात आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. घरी मी आणि आई. दुपारी डबा खाताना हातात फोन असतो आणि त्यात मी काय करते हे ऑफिसात कुणाला सांगितलं तर हसतील. मी जुन्या मालिकांच्या आणि सिनेमांच्या व्हिडिओंखाली अनोळखी माणसांशी वाद घालते. 'या प्रसंगात नायिकेच्या कानात कुड्या आहेत, पुढच्या प्रसंगात झुमके.' 'पेशवाईच्या काळात भिंतीवर विजेचं बटण कसं?' 'नाही हो, ती खुंटी आहे, नीट बघा.' असं ते चालतं. त्या माणसांचे चेहरे ठाऊक नसतात, खरी नावं ठाऊक नसतात. तरी दुपारच्या अर्ध्या तासात त्यांच्याइतकं माझ्याशी कुणी बोलत नाही.

ही खोड मला निमूनं लावली.

तेव्हा आम्ही चिंचणीच्या अलीकडे वाडीवर राहायचो. घराभोवती चिकू, केळी, मागं भाजी आणि बारमाही मोगरा; त्याची फुलं आई चिंचणीला नेऊन विकायची. निमूला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता. ताप गेला, पण हृदयाची झडप कमजोर करून गेला. पळायचं नाही, पाणी शेंदायचं नाही, ओझं उचलायचं नाही. दहावीनंतर तिची शाळाही सुटली. मग ती दिवसभर काय करणार? टीव्ही बघायची. आणि बघायची म्हणजे नुसती रडायची-हसायची नाही. पडद्याच्या अगदी जवळ बसून चुका शोधायची. "ताई, बघ बघ, आत्ता कप डाव्या हातात होता!" मी म्हणायचे, उजव्याच होता. ती म्हणायची, पैज. पुन्हा बघायची सोय नव्हती, त्यामुळं पैज कुणीच जिंकायचं नाही आणि वाद जेवणापर्यंत चालायचा. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "अगो, कप कुठल्या हातात होता त्यावर काय आपलं घर चाललंय?" निमू म्हणायची, "आई, त्यांना वाटतं आपल्याला कळत नाय. आपल्याला कळतं, येवढंच."

त्या हिवाळ्यात नवापूरच्या किनाऱ्यावर एका मालिकेचं शूटिंग आलं. मालिका कोळ्यांच्या जीवनावर होती, पण कोळणींना वेळ कुठं? हंगाम बोंबलांचा. पहाटेपासून होड्या यायच्या, बायका माल उचलायच्या, एकेक बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून काठीवर टाकायच्या. शूटिंगवाल्यांसाठी त्या थांबणार नव्हत्या. मग प्रॉडक्शनचा एक माणूस आसपासच्या वाड्यांवर फिरून मुली गोळा करून गेला. आम्ही दोघी आईला न सांगता गेलो. मी सांगितलं होतं की बोईसरला टायपिंगच्या क्लासला जाते, आणि निमू म्हणाली होती की मैत्रिणीकडं बसते.

खरं तर जायचं होतं मला. तेवीस वर्षांची होते. आरशात बघून दोन रात्री केस बांधायचा सराव केला होता. किनाऱ्यावर आम्हाला ओळीत उभं केलं. तो माणूस बोट दाखवत गेला. तू, तू, तू. निमूवर बोट थांबलं. माझ्यावरून ते पुढं गेलं.

मी हसले. "जा, जा," म्हणाले. पण हात बांधलेले केस सोडायला वर गेले होते, आणि निमूनं ते बघितलं. तिच्या नजरेतून काय सुटायचं?

तिला विटकरी रंगाचं, पिवळ्या काठाचं लुगडं दिलं. पदराला एका जागी ठिगळ होतं. डोक्यावर टोपली, टोपलीत ओली वाळू आणि वर दिसण्यापुरते चार मासे. पाण्याच्या कडेनं चालत जायचं, कॅमेऱ्यासमोरून, मागं नायक-नायिका बोलत असताना. बस, एवढंच. जवळ बोंबील लावत बसलेली एक कोळीण तिला म्हणाली, "अगो पोरी, मान ताठ ठेव, मंग पाटी पडत नाय." निमू तासाभरात शिकली. एक टेक, दोन टेक, चार, सहा. नायिका वाक्य विसरायची आणि निमू परत पहिल्या जागेवर जायची, ओल्या वाळूची टोपली घेऊन, उन्हात. मी सुरूच्या झाडाखाली बसून बघत होते. तिला ओझं उचलायला मनाई होती हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण त्या वेळी मी तिच्याकडं बहीण म्हणून बघत नव्हते. माझी जागा घेतलेली मुलगी म्हणून बघत होते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. ओठ पांढरे पडले होते. "ताई, मला गरगरतंय. मी घरी जाते. अजून एक शॉट बाकी हाय, तो तू कर. तुला करायचंच होतं ना."

"तुझ्याबरोबर येते," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "एकटी जाशील ना? शॉट झाला की मी येतेच मागून."

सुरूच्या झाडांआड आम्ही कपडे बदलले. तिचे स्वतःचे कपडे शूटिंगच्या गाडीत होते आणि गाडी गावात गेली होती, म्हणून तिनं माझा निळा ड्रेस घातला, मी तिचं लुगडं. ती वाळूतून रस्त्याकडं चालत गेली. मी तिच्याकडं पाठ करून टोपली डोक्यावर ठेवायला बघत होते आणि ती राहत नव्हती. दोनदा पडली. शेवटी मी ती कमरेवर घेतली. दिग्दर्शक म्हणाला, "चलेगा, चलेगा, पीछे ही तो है." शॉट व्हायला संध्याकाळचे पाच वाजले.

गाडीतले तिचे कपडे घालून घरी आले तेव्हा निमू गाऊन घालून गोधडीवर पडली होती आणि आई तिच्या तळव्यांना सुंठ चोळत होती. आईनं विचारलं, "क्लास सुटला?" मी म्हणाले, "हो." पुढचे दोन दिवस निमू अंथरुणातच होती, पण बोलत होती. आई बाहेर गेली की मला हळूच विचारायची. "शॉट झाला? पाटी कशी धरलीस?"

"कमरेवर."

ती हसली, हसता हसता खोकली. "अगं, मग चूक दिसेल की! आधी डोक्यावर, मग कमरेवर. कुणीतरी पकडणार बघ."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. बोईसरच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. जीप केली. मनोरच्या थोडं अलीकडे, हायवेला लागायच्या आधीच, माझ्या मांडीवर तिचं डोकं जड झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, झडप तशीही फार दिवस साथ देणार नव्हती, आज नाही तर उद्या. असेलही तसं. त्या 'उद्या'चा हिशेब मला अजून लागलेला नाही. टोपली उचलली नसती तर? सोबत गेले असते, वाटेत तिला बसवलं असतं, रिक्षा केली असती, तिथूनच दवाखान्यात नेलं असतं तर?

मालिका लागली तेव्हा आमच्या घरातला टीव्ही बंद होता. तो नंतर वर्षभर बंदच राहिला. मालिका आली आणि गेली, कुणाच्या लक्षातही राहिली नाही. मी तो भाग कधी बघितला नव्हता. बघायची हिंमत झाली असती तरी तो मिळणार कुठं होता?

तो यंदा मिळाला. महिन्यापूर्वी, डबा खाताना. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून टाकला होता. चित्र गढूळ, आवाज खरखरीत. मी मालिकेचं नाव वाचलं आणि हातातली पोळी तशीच राहिली. व्हिडिओ लावायच्या आधी मी नेहमीच्या सवयीनं खालच्या कॉमेंट वाचल्या. सगळ्यात वर 'निरीक्षक' नावाच्या माणसाची कॉमेंट होती. हा मला ठाऊक होता. जुन्या मालिकांमधल्या चुकांची तो वहीच ठेवतो, शुद्ध मराठीत लिहितो, आणि आमचे याआधी दोन-तीनदा खटके उडालेले. त्यानं लिहिलं होतं, 'तीन मिनिटं बारा सेकंद. मागून जाणाऱ्या कोळणीच्या डोक्यावर टोपली आहे. संवाद तोच, पुढच्याच दृश्यात टोपली कमरेवर! कुणाच्याच लक्षात आलं नाही?'

सव्वीस वर्षांनी कुणीतरी पकडलं होतं.

खाली वाद रंगला होता. एक म्हणत होता, टोपली जड झाली म्हणून खाली घेतली असेल. दुसऱ्याचं म्हणणं, हा किनारा अलिबागचा आहे, तिथल्या बायका कमरेवरच घेतात. मी व्हिडिओ न बघताच लिहिलं, 'किनारा नवापूरचा आहे. आणि त्या दोन वेगळ्या मुली आहेत.'

निरीक्षकाचं उत्तर तासाभरात आलं. 'ताई, आपला गैरसमज होतो आहे. लुगडं तेच, पिवळा काठ तोच, पदराचं ठिगळही त्याच जागी. बाई एकच आहे.'

आता बघणं भाग होतं. कागदपत्रांच्या खोलीत जाऊन मी दार लोटलं आणि व्हिडिओ लावला. तीन मिनिटं बारा सेकंद. निमू आली. मान ताठ, डोक्यावर टोपली. डावीकडून उजवीकडं चार सेकंद. माझ्याकडं तिचे दोन फोटो आहेत, दोन्हींत ती उभी आहे. चालती निमू मी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. डावा पाय जरा बाहेर टाकायची, हे मी विसरूनच गेले होते.

मी परत लिहिलं, 'पहिलीच्या डाव्या मनगटावर काळा दोरा आहे. दुसरीच्या नाही.' तो दोरा आईनं देवीला नवस बोलून बांधला होता. त्यानं लिहिलं, 'चित्र इतकं अस्पष्ट आहे की ती सावलीही असू शकेल.' मी म्हणाले, 'दुसरी ठेंगणी आहे.' तो म्हणाला, 'कॅमेऱ्याचा कोन.' चार दिवस हे चाललं. कुणीतरी मध्येच लिहिलं, 'काकू, घरी कामं नाहीत का?' त्याला पस्तीस लाइक पडले. मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांत निमूबद्दल कुणी माझ्याशी एवढं बोललं नव्हतं. तिचा काठ, तिचं मनगट, तिची उंची! तो माणूस वाद थांबवेल याचीच मला भीती वाटत होती.

मग पाचव्या दिवशी त्यानं लिहिलं, 'ताई, तुमच्यामुळं मी ते दृश्य पुन्हा वीसेक वेळा बघितलं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिल्या दृश्यात ती बाई चालता चालता क्षणभर थांबते, दम लागल्यासारखा श्वास घेते आणि पुढं जाते. दिग्दर्शकानं सांगितलं असणार. मागच्या गर्दीतल्या बाईकडून इतका बारीक अभिनय! दाद द्यायला हवी.'

मी परत बघितलं. खरंच थांबत होती. तिसऱ्या सेकंदाला पाऊल अडतं, खांदे वर येतात, तोंड किंचित उघडतं. मी चाळीस वेळा पाहिलं असेल, पण मी मनगट बघत होते, काठ बघत होते. वाद जिंकायला लागतं तेवढंच बघत होते. तिला जेवणाच्या सुट्टीच्या कितीतरी आधीपासून त्रास होत होता. ती मला सांगायला आली नाही, शॉट पुरा करत राहिली. आणि मी वीस पावलांवर, सुरूच्या झाडाखाली, रुसून बसले होते.

त्या दिवशी मी सगळं लिहिलं. तो अभिनय नाही. ती माझी बहीण होती, तिचं हृदय आजारी होतं, तिसऱ्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दृश्यात मी आहे. मला टोपली डोक्यावर पेलता येत नव्हती. तुमच्या यादीतली चूक माझी आहे.

खाली हात जोडलेली चित्रं जमली. एकानं 'पुरावा?' असं लिहिलं. दुसऱ्यानं त्याला झापलं. मग ते दोघंच आपसात भांडत बसले. निरीक्षकाचं उत्तर आठवडाभरानं आलं. 'ताई, त्या दोन मुली आहेत. चूक माझीच झाली. मी नोंद खोडली आहे. या मालिकेतल्या कलाकारांची यादी मी करतो आहे. पहिल्या मुलीचं नाव कळवाल का?'

मी नाव लिहिलं, 'निर्मला.'

राहिली आई. तिला दाखवायचं की नाही यात माझे दोन रविवार गेले. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. आणि दाखवायचं म्हणजे सांगायचंही. मी टायपिंगला गेले नव्हते. आजारी पोरीला एकटी घरी धाडून मी कॅमेऱ्यापुढं उभी होते. गेल्या रविवारी दुपारी ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती, वारा फिरला होता, खिडकी उघडी होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि फोन समोर धरला.

"काय हाय?"

"बघ तर."

निमू पडद्यावर आली तशी आईनं बोट पुढं केलं. बोट काचेला लागलं आणि चित्र थांबलं. आई घाबरली. "मी काय केलं? कुठं गेली?"

"नाय गेली, आई. थांबलीय." मी पुढं चालू केलं. निमू गेली. मागून दुसरी आली, कमरेवर टोपली घेतलेली.

"आन ही तू," आई म्हणाली.

चार दिवस मी एका शहाण्या माणसाला पटवू शकले नव्हते. तिनं चष्म्याआडून एकदाच बघितलं होतं.

"आई, मी त्या दिवशी क्लासला…"

"नव्हती गेलीस. म्हायती हाय मला." तिनं एक शेंग उचलली, सोलली नाही. "मी फुलं घेऊन चिंचणीला निघाले होते. वाटेत निमू भेटली. तुजा निळा ड्रेस घालून येत होती. इचारलं तर सांगितलंन सगळं. म्हणाली, ताईला वरडू नको, तिला पयल्यांदाच घेतलीय."

सव्वीस वर्षं मी या बाईच्या ताटात वाढत होते, तिची औषधं देत होते, आणि दर हिवाळ्यात मनातल्या मनात तिच्यापासून तोंड लपवत होते.

"मग तू मला कधीच का नाय बोललीस?"

आईनं न सोललेली शेंग परत ढिगात टाकली. "काय बोलू? मी तरी कुठं गेले तिच्यासंगं? माझी फुलं सुकत होती. तिला म्हटलं, तू हो पुढं, दार उघडंच हाय. तिचा चेहरा बघितला होता मी. तरी म्हटलं, हो पुढं. तुज्यापाशी निदान शॉट होता. माज्यापाशी मोगरा."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं हात ठेवला, काढला, परत ठेवला. दोघींनी एकमेकींना काही माफ वगैरे केलं नाही. तसं काही आमच्या हातात नव्हतं, आणि ज्या पोरीच्या हातात होतं ती तर वाटेतच आईला बजावून गेली होती, ताईला ओरडू नको म्हणून.

जरा वेळानं आई म्हणाली, "परत दाखव. तुजं नको. तिचंच."

मी मागं घेतलं. निमू आली. आईनं या वेळी बोट लावलं नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती वाकून बघत राहिली. तिसऱ्या सेकंदाला निमू थांबली, खांदे वर आले.

"दम लागलाय गो तिला," आई म्हणाली. मग माझ्याशी नव्हे, फोनशी बोलल्यासारखी, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बस गो बाय. जरा बस."

निमूनं श्वास घेतला आणि ती चालत पुढं गेली.